पेशीच्या उंबरठ्यावरचे संशोधन

२०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांच्या तोंडी एक अवघड नाव बसले होते : लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी. करोनाच्या दुसऱ्या लाटेतून कसाबसा बाहेर पडलेला रुग्ण म्युकरमायकोसिसच्या, म्हणजेच काळ्या बुरशीच्या तावडीत सापडत होता. नाक, जबडा, डोळा आणि अखेर मेंदू असा त्या बुरशीचा प्रवास रोखायचा, तर शस्त्रक्रियेच्या जोडीला हे इंजेक्शन हवे होते, आणि नेमके तेच मिळत नव्हते. २१ मे रोजी केंद्र सरकारने राज्यांना २३,६८० कुप्यांचे अतिरिक्त वाटप केले, तेव्हा देशातील नोंदलेल्या रुग्णांची संख्या होती ८,८४८. त्यांपैकी सुमारे दोन हजार एकट्या महाराष्ट्रात होते. साठ किलो वजनाच्या रुग्णाला नेहमीच्या मात्रेने रोज तीनशे मिलिग्रॅम औषध द्यायचे, तर पन्नास मिलिग्रॅमच्या सहा कुप्या लागतात आणि उपचार आठवडेच्या आठवडे चालतात. या हिशेबाने ते अतिरिक्त वाटप प्रत्येक रुग्णाच्या अर्ध्या दिवसालाही पुरे पडणारे नव्हते. जूनअखेर रुग्णसंख्या ४० हजारांच्या आणि मृत्यूंची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली. ज्यांचे प्राण वाचले, त्यांतील अनेकांनी डोळा वा जबडा गमावला.

त्या दिवसांत औषधाचे नाव सर्वांना पाठ झाले. परंतु त्या नावातील ‘लिपोसोमल’ या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. संकटाच्या वेळी तो विचारला जात नाही, हे स्वाभाविकच आहे. संकट ओसरल्यावरही तो विचारला जाऊ नये, हे मात्र चिंताजनक म्हटले पाहिजे. कारण पुढच्या पन्नास वर्षांच्या औषधशास्त्राचा मोठा भाग त्या एका शब्दात सामावलेला आहे आणि त्याचे उत्तर कारखान्यात नव्हे, तर विद्यापीठाच्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याकडे असते.

औषध जुने, वेष्टन नवे

ॲम्फोटेरिसिन-बी हे काही नवे औषध नव्हे. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९५० च्या दशकात ते मिळाले आणि त्याच दशकाच्या अखेरीस वापरात आले. बुरशीच्या पेशीभोवतीच्या पटलात अर्गोस्टेरॉल नावाचा मेदपदार्थ असतो. माणसाच्या पेशीपटलात त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते. ॲम्फोटेरिसिनची ओढ प्रामुख्याने अर्गोस्टेरॉलकडे असल्यामुळे ते बुरशीला मारते. तथापि हे दोन्ही मेद एकाच कुळातले. म्हणून औषधाची गल्लत होते आणि माणसाच्या पेशीही, विशेषतः मूत्रपिंडाच्या पेशी, त्याच्या माऱ्यात सापडतात. बुरशी मरावी, पण मूत्रपिंड निकामी होऊ नये, अशी ही तारेवरची कसरत वैद्यांनी अनेक दशके केली.

यातून वाट काढली ती लिपोसोमने. पेशीपटल ज्या जातीच्या मेदाचे बनलेले असते, त्याच जातीच्या मेदाची शंभर नॅनोमीटरहूनही लहान पोकळ गोळी तयार करायची आणि तिच्या भिंतीत औषध बसवायचे. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे या गोळीच्या आकाराची कल्पना येईल. या वेष्टनात बसवलेले औषध रक्तातून फिरताना माणसाच्या पेशींना फारसे उपद्रव देत नाही आणि बुरशीपाशी पोहोचल्यावर मात्र आपले काम करते. औषधाचा रेणू तोच राहिला. बदलले ते पेशीपटलाशी असलेले त्याचे नाते. नॅनो औषधांचे सारे शास्त्र या एका वाक्यात सांगता येते.

विशेष म्हणजे ॲम्फोटेरिसिन बुरशीला नेमके कसे मारते, याचे पाठ्यपुस्तकातील उत्तर पाच दशकांहून अधिक काळ ‘पटलाला छिद्रे पाडून’ असे होते. २०१४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, या औषधाचे रेणू पटलाच्या बाहेर एकत्र येऊन स्पंजासारखे अर्गोस्टेरॉल शोषून घेतात. लाखो रुग्णांना दिल्या गेलेल्या औषधाची मूळ कृती समजायला इतका काळ लागला. मूलभूत संशोधन हे चैनीचे काम आहे, असे मानणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा विचार करावा.

चार-पाच नॅनोमीटरचा पहारा

पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीची निर्जीव पिशवी, असा समज शाळेतील आकृत्यांमुळे होतो. प्रत्यक्षात तो एक अत्यंत जागरूक उंबरठा आहे. त्याची जाडी अवघी चार ते पाच नॅनोमीटर. हा उंबरठा मेदाच्या दोन थरांचा असतो, हे १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींवरून दाखवले. हे थर घट्ट नसून प्रवाही असतात आणि त्यांत प्रथिने तरंगत असतात, हे चित्र १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडले. दरम्यान १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांना असे आढळले होते की, हे मेद पाण्यात मिसळले की ते आपोआप बंद, पोकळ गोळ्या बनवतात. हेच ते लिपोसोम. बँगहॅम औषध शोधत नव्हते. पटल कसे वागते, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

औषधाचा नॅनोकण या उंबरठ्यावर आला की काय घडते? तो आत शिरतो, पटलाला चिकटून बसतो, की पटल फाडून पेशीच मारतो? हे कशावर अवलंबून असते? कणाच्या आकारावर, त्याच्या विद्युतभारावर, की त्याच्या अंगावर चढलेल्या आणखी कशावर? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात आज जगभरातील संशोधक विद्यार्थ्यांची चार-पाच उमेदीची वर्षे खर्च होत आहेत. हे विद्यार्थी प्रथम कृत्रिम पटल तयार करतात, कधी काचेवर पसरलेले, तर कधी पाण्यात तरंगणाऱ्या मोठ्या गोळ्यांच्या रूपात. त्यावर नॅनोकण सोडून कधी प्रकाशमान रंगांच्या साहाय्याने, कधी अतिसूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या यंत्राने, तर कधी संगणकावर एकेका रेणूची हालचाल मांडून ते निरीक्षण करतात. त्यानंतर खऱ्या पेशी, त्यानंतर प्राणी आणि बऱ्याच काळाने रुग्ण, असा हा क्रम आहे.

या कष्टांतून जे हाती आले, त्याने अनेक सोयीच्या समजुती मोडल्या. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले की, ज्यांच्या टोकांवर धनभार आहे असे शाखायुक्त कण मेदपटलाला नॅनोमीटरच्या मापाची छिद्रे पाडतात. त्यांच्या टोकांवर रासायनिक टोपी चढवली की नवी छिद्रे पाडणे थांबते. कण तोच, पण टोकांवरच्या एवढ्याशा बदलाने त्याची विध्वंसकता सरली.

डब्लिन आणि लुंड येथील शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये एक निराळेच सत्य पुढे आणले. नॅनोकण रक्तात उतरताच रक्तातील प्रथिने त्याच्या अंगाला चिकटतात. पेशीला भेटतो तो प्रयोगशाळेतून निघालेला कण नव्हे, तर प्रथिनांची शाल पांघरलेला कण. कर्करोगाची पेशी नेमकी ओळखावी म्हणून कणावर लावलेली खूण या शालीखाली झाकली जाऊ शकते, हे डब्लिनच्याच गटाने २०१३ मध्ये सिद्ध केले. परीक्षानळीत अचूक नेम साधणारे औषध शरीरात चुकते, त्याचे एक कारण येथे सापडले.

पेशीच्या आत शिरला म्हणजे काम फत्ते झाले, असेही नाही. बहुतेक कणांना पेशी पटलाचीच एक पुडी करून आत ओढते आणि ती पुडी पुढे पेशीच्या कचराकुंडीकडे, म्हणजे पचनस्थानाकडे जाते. त्या पुडीचे पटल ओलांडून औषध बाहेर पडले, तरच उपयोग. जनुकाचे काम थांबवणाऱ्या आरएनए औषधांपैकी जेमतेम एक ते दोन टक्के रेणू ही दुसरी भिंत ओलांडतात, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात आढळले. कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या नॅनोकणांचे प्रमाण तर, टोरांटो येथील गटाने दहा वर्षांतील शोधनिबंध चाळून २०१६ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, शिरेत सोडलेल्या मात्रेच्या केवळ ०.७ टक्के इतके होते. नॅनो औषध म्हणजे रामबाण, अशा जाहिराती करणाऱ्यांना हे आकडे रुचणार नाहीत. शास्त्राचे काम मात्र रुचेल ते सांगण्याचे नसते.

एका शांत प्रश्नाचे फळ

पीटर कलिस हे कॅनडातील व्हँकुव्हरचे शास्त्रज्ञ. शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या या गृहस्थांनी १९७० च्या दशकात एक वरकरणी निरुपयोगी प्रश्न हाती घेतला : पेशीपटलात इतक्या निरनिराळ्या जातींचे मेद कशासाठी असतात? त्यांतील काही मेद दुहेरी थरात न राहता निराळी रचना करतात आणि त्या रचनेमुळे दोन पटले एकमेकांत विलीन होऊ शकतात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासले. या प्रश्नाला तेव्हा ना बाजार होता, ना प्रसिद्धी.

पुढे याच ज्ञानावर असे मेद घडवले गेले, जे रक्तात विद्युतभारहीन राहतात आणि पेशीतील त्या आम्लधर्मी पुडीत गेल्यावर धनभार धारण करून तिचे पटल भेदतात. अशा मेदकणांत बांधलेले पहिले आरएनए औषध, पॅटिसिरान, एका दुर्मीळ आनुवंशिक रोगावर २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. अवघ्या दोन वर्षांनी, २०२० च्या अखेरीस, याच घराण्यातील मेदकणांतून करोनावरील एमआरएनए लसी जगाला मिळाल्या. लसीतील आरएनए शरीराला सोसेल असा कसा करावा, हे शोधणाऱ्या कॅटालिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक लाभले. परंतु तो नाजूक आरएनए पेशीच्या उंबरठ्यापलीकडे नेणारा वाहक नसता, तर त्या शोधाचा लाभ रुग्णापर्यंत पोहोचलाच नसता. हंगेरीतील सेगेड येथे १९८२ मध्ये डॉक्टरेट मिळवणाऱ्या कॅरिको यांची अमेरिकेतील विद्यापीठात १९९५ मध्ये पदावनती झाली होती, हेही विसरता कामा नये. जगाला वाचवणारे ज्ञान पुष्कळदा अनुदान नाकारलेल्या टेबलावर घडते.

भारताच्या खात्यावर काय?

या क्षेत्रात भारत मागेच आहे, अशी हाकाटी करण्याचे कारण नाही. बिमलकुमार बच्छावत या थोर जीवरसायनशास्त्रज्ञांनी लिपोसोमच्या अंगावर विशिष्ट शर्करांची खूण लावली तर तो शरीरात कोठे जातो, यावर १९८० च्या सुमारास मूलभूत संशोधन केले. त्याच परंपरेतून पुढे दिल्ली विद्यापीठात भारतीय बनावटीचे लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन विकसित झाले आणि त्याच्या वैद्यकीय चाचण्यांचे मोठे काम मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या नेतृत्वाखाली झाले. प्रयोगशाळेतील प्राध्यापक आणि परळच्या सार्वजनिक रुग्णालयातील वैद्य यांची ही जोडी आजच्या तरुण संशोधकांना शिकवली गेली पाहिजे. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सत्यजित मेयर यांनी पेशीपटलाची रचना आणि पेशी बाहेरचे पदार्थ कोणत्या वाटांनी आत घेते, यांवर केलेले काम जगन्मान्य आहे. मेयर हे मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी.

उद्योगाचे कर्तृत्वही थोडके नाही. कर्करोगावरील डॉक्सिल हे १९९५ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले पहिले नॅनो औषध. २०११ मध्ये त्याचा तेथे तुटवडा पडला, तेव्हा २०१२ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने सन फार्मा या भारतीय कंपनीच्या औषधाची तात्पुरती आयात करू दिली आणि २०१३ मध्ये त्याच कंपनीच्या उत्पादनाला डॉक्सिलचे पहिले जेनेरिक म्हणून मान्यता दिली. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीची एमआरएनए लस जून २०२२ मध्ये मान्य झाली. परदेशी लसींना लागणारी कडाक्याची थंडी तिला लागत नाही. साध्या शीतकपाटाच्या तापमानात ती टिकते.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. जिनोव्हाच्या लसीसाठी वाहक कणांचे तंत्रज्ञान अमेरिकेतील सिएटलच्या एका कंपनीशी २०२० मध्ये झालेल्या करारातून आले होते. डॉक्सिलचे मूळ संशोधन जेरुसलेमचे. १९७० च्या पेटंट कायद्याच्या आधाराने भारताने दुसऱ्यांनी शोधलेला रेणू स्वस्तात बनवण्याचे कौशल्य कमावले आणि त्यातून जगातील गरिबांना औषधे मिळाली; हे उपकार जग विसरणार नाही. पण २००५ मध्ये तो कायदा बदलला आणि आता औषधशास्त्रही बदलते आहे. साध्या गोळीतील रेणू हुबेहूब बनवता येतो. लिपोसोमची केवळ रासायनिक घटकांची यादी जुळवून भागत नाही. त्याचा आकार, भिंतीची प्रवाहिता, औषध झिरपण्याचा वेग आणि पेशीपटलाशी होणारी गाठभेट, हे सारे जुळावे लागते. नक्कल करायची तरी हे ज्ञान हवे; नवे निर्माण करायचे असेल, तर ते त्याहून अधिक हवे. नॅनो औषधांच्या मूल्यमापनासाठी केंद्राने २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, हे योग्यच झाले. मात्र ती तत्त्वे पाळून पुरावा उभा करणारे हात विद्यापीठांतूनच यायला हवेत.

गरिबाला याचा काय उपयोग?

क्षयरोग आणि कुपोषण यांनी ग्रासलेल्या देशाने पेशीच्या पटलावरचे नाजूक खेळ का खेळावेत, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. ते उत्तर बिहारमध्ये मिळते.

काळा आजार हा बिहारच्या मुसहर वस्त्यांसारख्या अतिदरिद्री घरांतला रोग. उपचाराविना तो बहुधा जीव घेतो. त्याच्या परजीवीच्या पटलातही अर्गोस्टेरॉलच्या जातीचे मेद असल्याने ॲम्फोटेरिसिन त्यावरही चालते. जुन्या पद्धतीने साधे ॲम्फोटेरिसिन दिवसाआड, पंधरा वेळा, २९ दिवस रुग्णालयात ठेवून द्यावे लागे. बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. श्याम सुंदर आणि सहकारी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत लिपोसोमल औषधाची एकच मात्रा दिली. सहा महिन्यांनंतर बरे झालेल्यांचे प्रमाण एका मात्रेने ९५.७ टक्के, तर पंधरा मात्रांनी ९६.३ टक्के होते. म्हणजे गुण जवळपास तेवढाच. पण महिनाभराची मजुरी बुडवण्याऐवजी एक-दोन दिवसांत घरी. ज्याची चूल रोजच्या रोजीवर पेटते, त्याच्या दृष्टीने या फरकाची किंमत कोणत्या कोष्टकात मांडणार? पुढे ही एकमात्रा पद्धत राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रमात स्वीकारली गेली. नॅनो औषधाचा लाभ सर्वांत आधी श्रीमंताला होतो, हा समज येथे खोटा ठरला.

याच कथेला एक दुखरी बाजू आहे. या कार्यक्रमासाठीचे लिपोसोमल औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्फत एका अमेरिकी कंपनीच्या देणगीतून येत राहिले. दान देणाऱ्याचे आभार मानावेत, हा आपला संस्कार आहे. परंतु देशातील सर्वांत दुर्बळ माणसाचे आरोग्य दुसऱ्याच्या दानावर कायम विसंबून राहावे, हे स्वाभिमानी राष्ट्राला शोभत नाही. स्वदेशी म्हणजे वेष्टनावरचा तिरंगा नव्हे. वेष्टन कसे घडते, याचे ज्ञान आपल्या घरी असणे, ही खरी स्वदेशी होय.

भस्मे आणि परीक्षा

नॅनो औषधांचा विषय निघाला की, ‘हे तर आमच्याकडे हजारो वर्षांपूर्वीच होते’ असे म्हणणारे भेटतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. सुवर्णभस्माच्या आधुनिक परीक्षणात सोन्याचे नॅनोमीटरच्या मापाचे स्फटिक आढळले आहेत. धातूला वारंवार पुटे देऊन त्याचे गुणधर्म बदलणाऱ्या रसवैद्यांची निरीक्षणशक्ती असामान्य होती, यात शंका नाही.

पण त्यांचा खरा वारसा कोणता? भस्म तयार झाले असे नुसते सांगून ते वैद्य थांबत नसत. ते बोटांच्या रेषांत शिरते की नाही, ही रेखापूर्णता. शांत पाण्यावर तरंगते की नाही, ही वारितर परीक्षा. तापवल्यावर पुन्हा मूळ धातू बनत नाही ना, ही अपुनर्भव परीक्षा. अशा कसोट्या त्यांनी स्वतःच्या औषधाला लावल्या. हाती असलेल्या साधनांनी जेवढे तपासता येईल तेवढे त्यांनी तपासले. आज हाती अधिक साधने आहेत. तेव्हा हे कण आतड्याच्या पेशीपटलाशी कसे वागतात, किती आत जातात, कोठे साठतात, मूत्रपिंडाला अपाय करतात काय, हे तपासणे म्हणजे परंपरेवर अविश्वास नव्हे. ती परंपरेचीच पुढची पायरी आहे. पूर्वजांचा अभिमान बाळगून परीक्षा टाळणारा त्यांचा वारस म्हणवून घेऊ शकत नाही. आणि एखादे भस्म या परीक्षेत उतरले नाही, तर ते मान्य करण्याचे धैर्यही त्याच वारशात अंतर्भूत आहे.

‘काय दिवे लावणार?’

पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळातही विचारला गेला. त्यावरून पुष्कळ गदारोळ झाला आणि विरून गेला. प्रश्न झोंबणारा असला, तरी तो घराघरांत विचारला जातो, हे नाकारून चालणार नाही. तिशीला आलेला मुलगा वा मुलगी अजून ‘शिकतच’ आहे, याचे आईवडिलांना ओझे वाटते. शेजाऱ्यांना कुतूहल वाटते आणि विवाहाच्या बाजारात तो एक दोष ठरतो.

या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर शिक्षणक्षेत्राला बोचणारे आहे. केवळ पदोन्नतीसाठी, पूर्वीच्या प्रबंधांची उलटापालट करून लिहिलेले प्रबंध दिवे लावत नाहीत. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला आणि डॉ. भूषण पटवर्धन यांच्यासह पुण्यातील अभ्यासकांनी २०१८ मध्ये त्यांचे पितळ उघडे पाडले, हा इतिहास फार जुना नाही. शोधनिबंधांची संख्या मोजणारी व्यवस्था संख्याच पैदा करते.

दुसरे उत्तर मात्र आशेचे आहे. जो विद्यार्थी चार वर्षे एकाच पटलावर एकच कण पुन्हा पुन्हा तपासतो आणि अखेर ‘हा कण घातक आहे, वापरू नये’ एवढाच निष्कर्ष काढतो, त्याने रुग्णांवरचे एक संभाव्य अरिष्ट टाळलेले असते. त्याचे नाव वृत्तपत्रात येत नाही. अपयशी ठरलेल्या प्रयोगाची नोंद ठेवणे हीदेखील राष्ट्रसेवा आहे, हे समाजाने आणि त्याहून आधी विद्यापीठांनी शिकायला हवे.

या विद्यार्थ्याला देश काय देतो? केंद्राची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये झाली, तीही संशोधकांनी दीर्घकाळ केलेल्या मागणीनंतर. रक्कम वाढली तरी ती महिन्याच्या महिन्याला हाती पडतेच, असे नाही. हप्ते रखडल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. संशोधनावरील देशाचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के इतका होता. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले आणि जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन व नवोपक्रम निधीस मान्यता दिली, ही स्वागतार्ह पावले आहेत. परंतु मोठ्या निधीचा ओघ तयार उत्पादनाकडे वळतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे. कलिस यांच्यासारखा ‘निरुपयोगी’ प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला त्यातील काही थेंब मिळावेत, याची तजवीज जाणीवपूर्वक करावी लागेल.

करायच्या गोष्टी अशक्य कोटीतील नाहीत. अधिछात्रवृत्ती वेतनासारखी ठरल्या तारखेला मिळावी. कोट्यवधी रुपयांची सूक्ष्मदर्शके मोजक्या संस्थांच्या कुलपात न राहता जिल्ह्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही ठरावीक वेळ मिळेल, अशी सामायिक व्यवस्था असावी. पेशीपटलाच्या विषयात भौतिकशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र आणि वैद्यक यांच्या सीमा पुसल्या जातात. तेव्हा प्रबंधाला रुग्णालयातील वैद्य आणि विज्ञानसंस्थेतील प्राध्यापक असे दोन मार्गदर्शक असावेत. दिल्ली आणि परळ यांच्या सहकार्याने हे एकदा घडवून दाखवले आहेच. आणि प्रत्येक संशोधकाने आपल्या प्रबंधाचा सारांश दोन पानी मराठीत लिहून प्रसिद्ध करावा, एवढा दंडक विद्यापीठांनी घालावा. ज्या समाजाच्या करातून संशोधन चालते, त्या समाजाला ते समजण्याचा अधिकार आहे.

काळ्या बुरशीची साथ ओसरली. पुढचे संकट कोणत्या रूपाने येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ते येईल तेव्हा औषधाचा रेणू कदाचित जुनाच असेल. तो रुग्णाच्या पेशीपर्यंत सुखरूप कसा न्यायचा, हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. त्याचे उत्तर त्या दिवशी तातडीच्या बैठकीत सापडणार नाही. ते आज, कोणत्याही टाळ्यांविना, कोणत्या तरी प्रयोगशाळेत शोधले जात असेल, तरच त्या दिवशी हाताशी असेल.